कोम्प्रोमिसो

“कार्पेता म्हणजे कार्पेट नव्हे. कागद ठेवायची फाइल,” स्पॅनिशच्या बाई म्हणाल्या. “इंग्रजी येणाऱ्यांची इथेच फजिती होते. आता हा बघा. कोम्प्रोमिसो.”

“कॉम्प्रोमाइज!” काका पहिल्या बाकावरून ओरडले. ते इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक होते. हात वर करणं त्यांना ठाऊक नव्हतं.

“वाटलंच. तडजोड नाही हो. शब्द देणं, बांधिलकी. लग्न ठरतं, त्यालाही हेच म्हणतात.”

वर्ग हसला. काकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण त्या हसण्याने नव्हे.

महिन्यापूर्वीच पुतणीने स्पॅनिश बोलणारा आपला मित्र घरी आणला होता. दोन वर्षं दारं आपटून तिने वडिलांचा होकार मिळवला होता. मुलाला मराठी येत नव्हतं आणि इंग्रजी जेमतेम. पुतणीने सांगितलेला अर्थ वडिलांना चालणार नव्हता. म्हणून दुभाषी काका. “त्यात काय, इंग्रजीलाच शेवटी ओ लावतात,” असं त्यांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं.

मुलगा छातीवर हात ठेवून बराच वेळ बोलला. काकांच्या हाती त्यातला एकच शब्द लागला.

“म्हणतो, हे लग्न म्हणजे तडजोड आहे.”

थोरले भाऊ ताडकन उठले. “माझी मुलगी काय उरलासुरला माल आहे?”

मुलगा गोंधळून पुतणीकडे बघत राहिला. ती मान खाली घालून बसली होती. वहिनींनी त्याला बाहेर घालवायला दार उघडलं. “भाऊजी, तुम्ही होतात म्हणून वाचलो,” त्या नंतर म्हणाल्या, आणि त्या कौतुकाच्या भरातच काकांनी स्पॅनिशच्या वर्गात नाव घातलं.

वर्ग सुटल्यावर ते थेट पुतणीच्या खोलीवर गेले. ती इस्त्री करत होती. काका खुर्चीच्या कडेला जेमतेम टेकले.

“बाळ, मी तुझा संसार मांडण्याआधीच मोडला. त्या बिचाऱ्याने शब्द दिला आणि मी तडजोड ऐकली. आजच तुझ्या बाबांना सांगतो. त्याचेही पाय धरतो.”

“बाबांना नका सांगू.”

“का? माझी अब्रू जाईल म्हणून? जाऊ दे. तिची तीच लायकी आहे.”

“तुमच्यासाठी नाही म्हणत, काका.” तिने इस्त्री उभी केली, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. “इतकं घर डोक्यावर घेतलं, बाबा हो म्हणाले, आणि तेव्हा कळलं की तो मला नकोच आहे. कुठल्या तोंडाने सांगणार होते?”

काका खुर्चीत मागे रेलले. “म्हणजे माझी चूक तुझ्या पथ्यावर पडली म्हणायची!”

“पडली नाही, काका. त्याला साधं ‘प्रेम आहे’ म्हणायचं होतं. दुभाषी तुम्ही आहात कळल्यावर तो शब्द मीच त्याच्याकडून पाठ करून घेतला.”