उद्या सकाळचे श्वास

दुपारचा एक वाजला होता आणि कागदावर उद्या सकाळचे दहा वाजून गेले होते.

भूलतज्ज्ञ बाईंनी तक्ता पुन्हा वाचला. दर तासाला एक ओळ. मिनिटाला श्वास अठरा, दुखणं शून्य, पुढे सही. चोवीसच्या चोवीस ओळी एका शाईत, एका बैठकीत भरलेल्या. आधी कळस मग पाया, असं म्हणतात. इथे पाया घालायचा कुणाचा विचारच नव्हता. बाईंना किळस आली.

सकाळी दहाला, ठरवून केलेल्या सिझेरियनच्या वेळी, पाठीच्या कण्यात भूल देताना त्यांनीच त्यात थोडं मॉर्फिन मिसळलं होतं. दिवसभर टाके दुखत नाहीत. पण क्वचित एखादीचा श्वास मंदावतो, तोही काही तासांनी, गुपचूप. दर तासाला कुणीतरी खाटेशेजारी उभं राहून श्वास मोजायचे, या एकाच अटीवर त्या हे औषध देत. दिलेलं आता परत काढून घेता येणार नव्हतं.

खाटेवरची बाळंतीण बाळाला कुशीत घेऊन पेंगत होती. पहिल्या खेपेला दुखण्यापायी दोन दिवस तिला लेकराला जवळ घेता आलं नव्हतं.

"नाक तेवढं खाजतंय, मॅडम," ती डोळे न उघडता म्हणाली. "बाकी काही म्हणता काही दुखत नाही. तुमचे उपकार झाले."

बाईंनी बाळ अलगद उचलून पाळण्यात ठेवलं. तिच्या छातीवर हात ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत श्वास मोजले. अकरा. पुन्हा मोजले. अकराच. घाबरण्यासारखं अजून नव्हतं, पण नजर हटवण्यासारखंही नव्हतं. त्यांनी स्टूल ओढलं आणि एकच्या ओळीतल्या अठरावर रेघ मारली.

वॉर्डच्या सिस्टर लगबगीने आल्या. "रेघ नका मारू, मॅडम."

"हे कोणी भरलं?"

"मीच. सकाळीच उरकून टाकते, मग दिवसभर कटकट नाही. आजवर कुणाला काही झालंय का?"

"सिस्टर, हिचे श्वास अकरा आहेत."

सिस्टरांनी खाटेकडे पाहिलंच नाही. त्या कागदाकडे बघत होत्या.

"खाडाखोड दिसली की तपासणीत बोलणी मला खावी लागतात," त्या म्हणाल्या. कपाटातून त्यांनी कोरा तक्ता काढला, पेनाचं टोपण उघडलं. "सांगा, अकरा किती वाजेपर्यंत लिहू?"