बेवारस वस्तूंचा माणूस

“डबी काढा,” बाबाराव म्हणाला.

“हात लावू नोका तिले,” सत्यभामा म्हणाली.

रोशन पाना हातात धरून दोघांच्या मधे उभा राहिला. दिग्रसमधल्या त्याच्या मोटार-रिवाइंडिंगच्या दुकानात, खुर्चीवर, त्यानं केलेला माणूस बसला होता. पाय सायकलच्या चिमट्यांचे, बरगड्या छत्रीच्या काड्यांच्या, डोकं म्हणजे पोचा पडलेला ॲल्युमिनियमचा डबा. छातीत चुना-तंबाखूची पितळी डबी. सगळं बसस्टँडांवर लोकांनी विसरलेलं नाहीतर टाकलेलं. चार वाजता गाडी येऊन हा माणूस यवतमाळच्या प्रदर्शनात जायचा होता.

डबीच्या झाकणावर भांडीवाल्यानं ठोकलेलं नाव होतं, सत्यभामा. लग्नातली भांडी घेताना तिच्या बापानं जावयासाठी ही डबी घेतली आणि नाव मात्र हौसेनं लेकीचं घातलं. तिचा नवरा विठ्ठलराव बारा वर्षांपूर्वी पुसदला जातो म्हणून गेला, तेव्हा ही डबी त्याच्या खिशात होती.

बारा वर्षं माणूस दिसला नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, ही घरची रीत. मूलबाळ नव्हतं, म्हणून अग्नी विठ्ठलरावच्या धाकट्या भावानं, बाबारावनं द्यायचा होता. उद्या सकाळी. पुतळ्यावर ठेवायला गेलेल्याची एखादी वस्तू लागते, आणि नेमकी आज सकाळी रोशनच्या दुकानात ही डबी बाबारावच्या नजरेस पडली होती. ती न्यायला आपण आलो की मागोमाग वहिनीही येईल, हे मात्र त्याला सुचलं नव्हतं.

“वहिनी, डबी बेवारस सापडली म्हणजे काय समजाचं?” तो म्हणाला. “आतातरी कुकू पुसा.”

“ज्याची वस्तू तो आला पायजे न्यायला. मी नाई देत.”

सत्यभामेनं असं बारा वर्षं अडवून धरलं होतं. भावकी, शेजारी, माहेर, सगळ्यांशी ती एकटी भांडली होती. आज मात्र भीती तिला लपवता येत नव्हती.

रोशन केळापूरकडून अलीकडेच इथं आलेला. त्याला या घरातलं काही माहीत नव्हतं. पण त्याचा एक नेम होता. तो काहीच वेल्ड करत नसे, सगळं नट-बोल्टवर. मालक आलाच तर वस्तू परत देता यावी. आणि प्रत्येक वस्तूच्या मागं ती कुठं, कधी सापडली ते ऑइलपेंटनं लिहिलेलं.

त्यानं नट सैल केला, डबी काढून उलटी धरली. दिग्रस स्टँड. पोळा, २०२५.

“गेल्या पोळ्याले?” बाबाराव पुटपुटला. “कोन्या चोरानं टाकली असन.”

“टाकली नाई जी. बाकावर राह्यली,” रोशन म्हणाला. “चुना ओलाच होता. मी आवाज देत धावलो, पण गाडी निंगाली. त्या मानसाच्या डाव्या हाताले अर्धाच अंगठा होता.”

बाबारावनं वाकून डबीवरची तारीख पुन्हा वाचली. विठ्ठलरावचा अंगठा जिनिंगच्या मशीननं नेला होता, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

सत्यभामेनं हळूच विचारलं, “आजारी होते का?”

“नाई ताई. चांगले धडधाकट. दोन घंटे बसले. पुसदच्या तीन गाड्या सोडल्या.”

“काही बोलले?”

“बाजारगल्लीतला मोठा कडुनिंब अजून हाये का, असं इचारलं. मी हो म्हनलं. मंग चौथ्या गाडीत चढले.”

तो कडुनिंब सत्यभामेच्या दारात होता. स्टँडपासून दहा मिनिटांवर.

बाबाराव रडत, हसत ओरडला. “वहिनी! दादा जिता हाये! भटजीले फोन लावतो, उद्याचं सारं बंद करतो. तुमचंच खरं झालं बाप्पा!”

सत्यभामेनं रोशनच्या हातातली डबी घेतली आणि बाबारावच्या हातात दिली.

“उद्या कायले, भाऊजी? पुतळा आजच जाळा.”