दोनच घंटा

"बाबा, उठा ना! दार बंद करतायत!" लंडनच्या त्या थिएटरच्या उपाहारगृहात मी जवळजवळ ओरडलेच.

"दोनच घंटा झाल्यात." बाबांनी शांतपणे कॉफीत बिस्किट बुडवलं. "तिसरीशिवाय पडदा उघडत नाही."

इथे दोनच देतात, हे सांगून माझा घसा बसला. शेवटी हाताला धरून ओढत नेलं, तर दारावरची बाई हसतमुखाने म्हणाली, आता मध्यंतरापर्यंत बाहेरच थांबा. चार महिन्यांपूर्वी काढलेली तिकिटं माझ्या मुठीत चुरगळली.

"घालवलंत ना नाटक, तुमच्या हट्टापायी!"

बाबा बंद दाराकडे बघत राहिले. मिरजेच्या नाट्यगृहात तीस वर्षं तिसरी घंटा त्यांनीच दिली होती.

"माझ्याशिवाय कधी सुरू झालं नव्हतं गं," ते म्हणाले.