झीज

मूर्तीभोवती काच बसायला अजून तासभर होता. आलमबागेतल्या नव्या चर्चच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीपुढे, कमरेएवढ्या चौथऱ्यावर, माता मरियमची जुनी मूर्ती उभी होती. अरुणा हातमोजे घालून तिच्यावरून शेवटचा ब्रश फिरवत होती. मूर्ती दुरुस्त करायचं काम तिचं.

जुन्या चर्चमधलं तेवढंच उरलं होतं. निळ्या छतावरच्या सोनेरी चांदण्या गेल्या, रंगीत काचांमधले संत गेले, मेणबत्त्यांनी काजळलेली कमान गेली. आता नुसतं काँक्रीट, आणि छतालगतच्या लांब फटीतून उतरणारं ऊन.

"इथे फक्त उजेडानं बोलायचं, ताई," टेप गुंडाळत सत्यजित म्हणाला. इमारतीचं डिझाइन त्याचं. "बाकी सगळे चूप."

बाजूच्या दारातून मिसेज़ मसीह आल्या. रेल्वे शाळेतल्या जुन्या मास्तरीणबाई, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी छत पाहिलं नाही, भिंत पाहिली नाही. सरळ मूर्तीपाशी आल्या, डोळे मिटले आणि आपला अंगठा मरियमच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला.

अंगठा तिथे ठरेना. जरा इकडे सरकला, जरा तिकडे.

"ये हमारी वाली नहीं है."

"वही है, आंटी. मैंने ख़ुद रिपेयर की है."

"हमारी वाली के यहाँ गड्ढा था."

होता. जात्याचा खुंटा हात लागून लागून झिजतो, तसा गुळगुळीत. अरुणाने रिपोर्टमध्ये ‘झीज’ असं लिहून तो प्लास्टरने भरला होता, वर नख कोरलं होतं. त्या एका नखाला तीन दिवस लागले होते.

"टूटा हुआ था न, आंटी."

"टूटा नहीं था. वहाँ मेरी अम्मा का अँगूठा बैठता था, फिर मेरा." मिसेज़ मसीहनी चष्मा वर सरकवून नख नीट पाहिलं. "लिखावट के पूरे नंबर. जवाब ग़लत."

"घासून टाका ना, ताई," सत्यजित हळूच म्हणाला. "पाच मिनिटांचं काम."

अरुणाने पिशवीतून पॉलिशपेपरचा तुकडा काढला.

"रेगमाल से?" मिसेज़ मसीह म्हणाल्या. "रेगमाल से बनता है वो?"

अरुणाने तुकडा परत ठेवला. फटीतलं ऊन भिंतीवरून वीतभर खाली आलं.

"सत्यजित, काच नको."

"अहो, तुमच्याच रिपोर्टमध्ये आहे, स्पर्श टाळावा म्हणून."

"बदलते रिपोर्ट."

मिसेज़ मसीहनी तिच्या हातमोज्याकडे बोट केलं. "उतारो ये."

अरुणाने उजवा मोजा काढला. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिचं उघडं बोट त्या पायाला लागलं. प्लास्टर थंड होतं, आणि नव्या नखाची कड टोचत होती.

मिसेज़ मसीह दाराकडे वळल्या.

"अस्सी साल लगे थे," जाता जाता त्या म्हणाल्या. "कल भी आना."