नावांचा रकाना

इस्पितळात रुग्णांची माहिती जपायचं काम तिचं, म्हणून सगळे तिला नकारघंटा म्हणत. बैठकीत तिची खुर्ची कायम दाराजवळ. मग सरकारचा कायदा आला: तिच्या सहीशिवाय रोग ओळखणारं एआय सुरूच करायचं नाही. आज थोरले डॉक्टर स्वतः तिच्या टेबलापाशी आले. “करा सही पटकन. उद्या उद्घाटन आहे.” तिने एआयला शिकवायला काढलेली रुग्णांची यादी फूटपट्टी लावून वाचली आणि पेनाला टोपण लावलं. “पहिला रकाना नावांचा आहे. तो काढून आणा, मग सही.” डॉक्टर लालबुंद झाले, पण कागद उचलून गेले. फरशी पुसणाऱ्या मावशी तिथेच घुटमळल्या. “ताई, माझं नाव होतं का हो त्यात? घरी अजून कुणालाच सांगितलं नाहीये मी.” “ठाऊक नाही,” ती ताठ मानेने म्हणाली. “नावांवर पट्टी ठेवूनच वाचते मी.”