दोन उंचवटे

चौथ्या दिवशीही उंचवटे दोनच राहिले, तेव्हा माधुरीनं ओढणी कमरेला खोचली आणि काचेची नळी पुन्हा धुवायला घेतली.

गोष्ट तशी साधी. ऑक्सिजन धरून बसलेल्या रक्तातून प्रकाश सोडला, की आलेखावर दोन उंचवटे येतात. ऑक्सिजन काढून घेणारी पावडर टाकली, की दोहोंचा एक होतो. पुस्तकात होतो. श्रीरामपूरच्या या कॉलेजात काही केल्या होत नव्हता. आणि सोमवारी पीएचडीच्या समितीपुढे आलेख ठेवला नाही, तर तीन वर्षं पाण्यात.

"म्याडम, मशीनच म्हातारं झालंय," प्रयोगशाळा सांभाळणारे सहादेवमामा म्हणाले. "माज्यावानी."

"मशीन ठीक आहे, मामा. मीच कुठंतरी चुकतेय."

हट्टी तर ती होतीच. बेलापूरहून सकाळी सातच्या बसनं निघायची, तीही नव्या गॅस गिझरच्या कढत पाण्यानं न्हाऊन. गार वारा येतो म्हणून आईनं न्हाणीच्या झरोक्यात पोतं कोंबलं होतं. धाकटी बहीण अश्विनी मागाहून, निवांत न्हायची. बसमध्ये माधुरीचं डोकं ठणकायचं, मळमळायचं. जागरणाचं असेल, म्हणून ती सोडून द्यायची. कॉलेजात पोचली, की निरोगी माणसाचं रक्त म्हणून स्वतःचंच काढायची. रोज दुसऱ्याला कशाला सुई टोचायची?

तिनं पावडरीचा नवा डबा फोडला. उंचवटे दोनच.

"मामा, हात द्या बरं."

"माजं रगत? निस्ता चा निघंल त्यातनं."

मामांच्या रक्तात पावडर पडली आणि दोन उंचवट्यांचा सरळ एक झाला. माधुरीला इतका आनंद झाला, की तिनं मामांचा हात धरून गदागदा हलवला. मशीन बरोबर, पावडर बरोबर. सोमवारची काळजी मिटली.

मग तिनं स्वतःचा आलेख शेजारी ठेवला, आणि तिचं हसू ओसरलं. असं रक्त कशानं होतं, हे तिनंच वर्गात शिकवलं होतं. कोंदट जागेत गॅस अर्धवट जळला, की त्याचा विषारी वायू रक्तातली ऑक्सिजनची जागा बळकावतो. मग तो कुठल्याच पावडरीला दाद देत नाही, उंचवटे दोनच राहतात.

तिनं घरी फोन लावला.

"आई, अश्विनी कुठंय?"

"न्हातीय अजून. आज सुट्टी हाय ना तिला. लई येळ झाला, हाका मारल्या तरी ओ देईना."

"आई, दार फोड."