ध्रुवपदाआधी

"परत घाई केलीस," बेस गिटारच्या तारा तळव्याने दाबून मी ओरडले. जगदौऱ्यातल्या लंडनच्या कार्यक्रमाआधीचा हा शेवटचा सराव होता आणि आमची नवी पाहुणी गायिका ऋजुता प्रत्येक वेळी ध्रुवपद बेस, ड्रम आणि कीबोर्डवरच्या आम्हा तिघा म्हाताऱ्यांच्या आधी उचलत होती. "नेव्हिल चाळीस वर्षं हे गाणं गायला, कधी चुकला नाही. तुला जमत नसेल तर उद्याच्या विमानाने परत जा."

"शालन, हळू. पोर आहे," ड्रमवरचा बोमी म्हणाला.

"मग आईजवळ बसावं."

ऋजुता रडली नाही. "काकू, मी मात्रा मोजून गाते. तिथे थांबायला जागाच नाही. तुम्ही तिघं थांबता. कुणासाठी?"

नेव्हिलला दमा होता. ध्रुवपदाआधी तो एक लांब श्वास घ्यायचा, तेवढे आम्ही थांबायचो. तो जाऊन दोन वर्षं झाली, तरी आमचे हात थांबत होते.

बोमीने ड्रमच्या काठ्या पुन्हा उचलल्या.

"तुझंच बरोबर आहे," मी खेकसले. "पण आम्ही थांबणार. तूही तिथे श्वास घे."